हैबती पैलवानाच्या लावऱ्या

कुसळमाळच्या विहिरीवर मोट चालायची, तेव्हाची ही गोष्ट. त्याला किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. त्या वेळी गावात हैबती नावाचा पैलवान होता. असं म्हणतात, तो दारातून आत यायचा तेव्हा आधी एक खांदा यायचा, आणि दुसरा यायला थोडा वेळ लागायचा. त्याच्या अंगात एवढी ऊब की थंडीत गावातली मांजरं त्याच्याच पाठीला टेकून झोपायची. मनाने गरीब माणूस, पण एका जागी बसणं त्याला माहीत नव्हतं. भाकरीसुद्धा तो उभ्याने खायचा.

एके वर्षी, बाजरी पिकत आलेली असताना, चिखलात रुतलेली एक गाडी त्याने खांद्यावर उचलली. गाडी निघाली, पण चाक घसरून त्याच्या मांडीवर आलं आणि हाड मोडलं. माळावर मायाक्का नावाची म्हातारी धनगरीण होती. मेंढरांची हाडं बसवता बसवता ती माणसांची बसवायला शिकली होती. तिने मांडी ओढून सरळ केली, बांबूच्या कांब्या बांधल्या आणि चाळीस दिवस हलू नकोस म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शेजारी बैल भांडले म्हणून हैबती सोडवायला उठला. हाड सरकलं. तिने पुन्हा बसवलं. आठव्या दिवशी तालमीत हलगी वाजली, हा पुन्हा उठला. मायाक्काने तिसऱ्यांदा कांब्या बांधल्या आणि म्हणाली, "आता हललास तर मला बोलवू नगंस. पाय जन्मभर लोंबत राहील."

"न्हाई हलणार," हैबती म्हणाला. त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, त्याचा स्वतःचाही नाही.

त्याच दिवशी त्याची बायको सगुणा एकटीच बाजरी कापत होती. लावरी म्हणजे मूठभर पक्षी, मातीच्याच रंगाचा. अंड्यांवर बसली की माणूस जवळ आला तरी उठत नाही. सगुणाचा विळा फिरला आणि अशीच एक लावरी त्याखाली गेली. खाली गवतात नऊ अंडी होती, तपकिरी ठिपक्यांची, अजून ऊन. सगुणाने विळा खाली ठेवला. मग तिने ती पदरात घेतली आणि घरी आली.

"अक्का, माझ्या हातनं वाईट झालं बगा," ती मायाक्काला म्हणाली.

मायाक्काने अंडी पाहिली. मग खाटेवरच्या हैबतीकडे पाहिलं.

"गावात कुणाची कोंबडी खुडूक बसलीय का अंड्यांवर?"

"न्हाई."

मायाक्काने लोकरीच्या पुंजक्यात अंडी गुंडाळली आणि हैबतीच्या डाव्या काखेत अलगद ठेवली. "नऊ जीव हायत," ती म्हणाली. "तू हललास की फुटतील."

दारात सगुणाने तिला हळूच विचारलं, "खरंच निघतील व्हय पिल्लं?"

"पिल्लांचं मला ठाऊक न्हाई," मायाक्का म्हणाली. "मांडी मातूर जुळंल."

तोवर त्या मुलखात कुणी लावरीची अंडी घरात उबवली नव्हती. लावरी दिसली की लोक तिला पकडून कालवण करायचे, एवढंच. हैबतीलाही काही माहीत नव्हतं. पण कोंबडी चोचीने अंडी फिरवते हे त्याने पाहिलं होतं, म्हणून तो उजव्या हाताच्या एका बोटाने रोज तीनदा एकेक अंडं फिरवायचा. सगुणा त्याला घास भरवायची. असं म्हणतात, एकदा मुंग्यांची रांग त्याच्या कपाळावरून निघाली, आणि शेवटची मुंगी उतरेपर्यंत त्याने भुवईसुद्धा हलवली नाही.

अंडी काखेत घेतल्याच्या सोळाव्या दिवशी जत्रा आली. पलीकडच्या गावचा दौलू पैलवान हैबतीच्या दारात उभा राहिला. दरवर्षी या दोघांची शेवटची कुस्ती व्हायची, आणि दरवर्षी दौलू हरायचा. त्याने खणखणीत शड्डू ठोकला.

"पैलवान, येताय का मी एकट्यानंच मानाचा फेटा बांधून घेऊ?"

गल्ली गोळा झाली. हैबतीच्या मानेची शीर फुगली. खाट करकरली. चुलीपुढे सगुणाने हातातलं पीठ तसंच धरून ठेवलं.

मग हैबती म्हणाला, "दौलू, हळू बोल. लेकरं झोपल्यात."

दौलू हसत हसत आत आला. हैबतीने लोकर जराशी उघडली, एक अंडं उचललं आणि दौलूच्या कानाशी धरलं. आतून बारीक आवाज आला. दौलूचं हसू थांबलं. त्याने दुसरं अंडं मागितलं, मग तिसरं. असं म्हणतात, त्या वर्षी जत्रेतला मानाचा फेटा कुणाच्याच डोक्यावर चढला नाही, कारण दौलू दोन दिवस त्या खाटेजवळून हललाच नाही.

अठराव्या दिवशी अंडी फुटली. नवातली आठ. भुंग्याएवढी पिल्लं, पाठीवर पिवळे पट्टे. अंग सुकताच ती हैबतीच्या छातीवर पळायला लागली. नववं अंडं त्याने आणखी दोन दिवस काखेत धरलं, मग सगुणाने ते काढून घेतलं.

आठांना काय लागतं हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच दुपारी दोन पिल्लं पाण्याच्या ताटलीत बुडाली. एवढा मोठा पैलवान असा रडला की विहिरीवर मोटेचे बैल थांबले, असं म्हणतात. सगुणाने ताटलीत खडे भरले, म्हणजे खड्यांच्या फटीत चोच बुडेल, पिल्लू बुडणार नाही. दौलूने वारूळ फोडून पाटीभर वाळवी आणली. राळा जात्यावर भरडला. पिल्लं घाबरली की सरळ वर उसळायची आणि डोकी आपटून घ्यायची, म्हणून सगुणाने त्यांच्या कोपऱ्यावर जुनं लुगडं सैल बांधलं. सहाच्या सहा जगली.

चाळिसाव्या दिवशी मायाक्काने कांब्या सोडल्या. हाड जुळलं होतं, पण पाय दोन बोटं आखूड झाला होता.

"कुस्ती सपली तुझी," ती म्हणाली.

हैबतीने आखूड पाय जमिनीला टेकवून पाहिला. "चालता येईल?"

"लंगडत."

"मग बास झालं. ह्यास्नी शेत दावायचंय."

तो काठी घेऊन निघाला आणि सहा लावऱ्या त्याच्यामागे निघाल्या. शेतात त्याने त्यांना उडवून दिलं तर त्या बांधापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. हैबती रिकाम्या हाताने घरी आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बसून जेवला.

पुढच्या सुगीला, विळा लागायच्या आधी, तो सहज शेतातून फिरला. तर पिकातून लावऱ्या निघाल्या, मागे भुंग्याएवढी पिल्लं, आणि साऱ्या त्याच्यामागून रांगेत बांधावर गेल्या. मग गाव त्याला प्रत्येक शेतात नेऊ लागलं. एक पाऊल जड, एक हलकं, मग काठीचा ठोका. ती चाल कानावर पडली की लावऱ्या लेकुरवाळ्या बाहेर यायच्या. त्यानंतर कुसळमाळात विळ्याखाली एकही लावरी गेली नाही, असं म्हणतात. एका साली माळावर टोळ उतरले तेव्हा आभाळ झाकोळावं एवढ्या लावऱ्या आल्या, आणि संध्याकाळपर्यंत एकही टोळ उरला नाही.

हैबती पिकल्या वयात गेला. त्याला नेताना खांदा द्यायला थकलेला दौलू आला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना लावऱ्या उघड्यावर बसल्या होत्या, आणि माणसं इतक्या जवळून गेली तरी एकही उडाली नाही.

कुसळमाळात अजून कापणीच्या दिवशी आधी घरातलं एक माणूस काठी घेऊन उभ्या पिकातून फेरी घालतं. त्याला हैबतीची फेरी म्हणतात. फेरी घालणारा कितीही धडधाकट असो, तो लंगडत चालतो. नवी सून हे पहिल्यांदा पाहते तेव्हा पदराआड हसते, आणि सासूला विचारते, मामंजी असे का चालतात?

सासू विळ्याला धार लावत सांगते, "सरळ चाललं तर त्यास्नी कळायचं कसं, आपला माणूस आलाय म्हणून?"