उसनं इंजिन

तळ्याकाठच्या एका गावात नेमिनाथ चौगुले नावाचा एक कापडदुकानदार राहत होता. माणूस मनाने चांगला, हाताने कसबी, पण त्याच्या घाईला काही सुमार नव्हता. चहा कपात पडतो न पडतो तोच तोंडाला लागायचा आणि मग जीभ पोळली म्हणून दिवसभर कुरकुर. गिऱ्हाइकाने साडीचा रंग सांगायच्या आत याने अर्धं कपाट उलगडून ठेवलेलं असायचं. त्याची बायको सुनंदा म्हणायची, "ह्यांना देवानं घडवलं खरं, पण वाळू दिलं नाही." गाव हसायचं. नेमूही हसायचा.

या गावाला एक वेड होतं. तळ्यातल्या देवीच्या जत्रेत इथे छोट्या बोटींची शर्यत लागायची. बोट हातभर लांब, पण आत खरंखुरं इंजिन. मुठीत मावेल एवढं आणि नायट्रो नावाच्या खास इंधनावर चालणारं. काठावर उभं राहून रिमोटने बोट पळवायची आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जिच्या फेऱ्या जास्त ती पहिली. त्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असतं, त्यामुळे शर्यत सुरू झाली की सगळ्या घाटावर जळक्या एरंडेलाचा वास पसरायचा. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. गावकऱ्यांना मात्र तो वास आला की जत्रा भरल्यासारखी वाटायची.

हे वेड गावाला लावलं ते त्र्यंबककाका सबनीसांनी. नेमूला बोट घडवायला त्यांनीच शिकवलं. त्याची 'राजहंस' त्यांच्याच अंगणात तयार झाली. लाकूड कसं तासायचं, रंगाचा पहिला हात किती पातळ द्यायचा, हे सगळं त्याने काकांकडून मुकाट्याने शिकून घेतलं. इंजिनाच्या बाबतीत तेवढं ऐकलं नाही. गेल्या जत्रेआधी त्याने नवंकोरं इंजिन आणलं. काका म्हणाले, "नेमू, आधी रुळव त्याला. थोडं चालव, निवू दे, परत चालव." नेमूने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी ते भरधाव सोडलं. एक दुपार इंजिन असं गायलं की घाट थक्क झाला. मग त्याचा दम गेला तो गेलाच. हाताने फिरवलं तर पिस्टन लोण्यात सुरी फिरावी तसा सैल सरकायचा. काका त्यावर एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे काही महिन्यांनी काका वारले आणि त्यांचं ते न बोलणं नेमूच्या मनात रुतून बसलं.

यंदा जत्रा तोंडावर आली तेव्हा राजहंस तयार होती, पण तिच्यात घालायला इंजिन नव्हतं. शहरातून मागवावं तर ते येईपर्यंत जत्रेचे पाळणेसुद्धा उतरले असते. नेमू दुकानात नुसता येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात वत्सलाकाकूंचा निरोप आला. या त्र्यंबककाकांच्या पत्नी. घाटावरच्या घरात आता एकट्याच राहत होत्या.

काकूंच्या घरात तळ्याकडे उघडणारी एक मोठी खिडकी होती. काका गेल्यापासून ती बंदच असायची. त्या दिवशीही बंद होती. काकूंनी कपाटातून एक डबा काढला आणि नेमूच्या पुढ्यात ठेवला. आत तेलकट कागदात गुंडाळलेलं इंजिन होतं. काकांनी ते शेवटी शेवटी घेतलं होतं आणि चालवायचं राहून गेलं होतं.

"हे त्यांचं शेवटचं," काकू म्हणाल्या. "जत्रेपुरतं उसनं देते आहे. जत्रा झाली की परत आणून द्यायचं."

नेमूने डबा दोन्ही हातांनी उचलला. "काकू, तुमचे आभार कसे..."

"ते राहू दे. आधी नीट रुळव. आणि आवाज मोकळा होईपर्यंत सुईला हात लावायचा नाही."

आता ही सुई काय भानगड आहे, ते सांगायला हवं. या इंजिनाला एक बारीक सुई असते. ती सैल केली की इंधन जास्त जातं. मग इंजिन धूर ओकतं, तेल थुंकतं आणि म्हाताऱ्या रेड्यासारखं सावकाश चालतं. आवळली की इंधन कमी जातं, इंजिन तापतं आणि सुसाट पळतं. नवं इंजिन म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल. पहिल्याच दिवशी गावभर हिंडलात तर पाय सोलवटतो. तेल लावून, थोडं थोडं चालून ती पायाची करून घ्यावी लागते. तसंच पिस्टन आणि सिलिंडरचं. सुई सैल ठेवून, भरपूर तेल पाजून, जरा तापवून, परत निवू देऊन त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. शिवाय एक शेवटचं काम असतं. नव्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला घट्ट बसतो. तिथेच ठेवून इंजिन निवू दिलं तर सिलिंडर त्याला आवळून धरतो. म्हणून बंद केल्यावर दर वेळी टोकाचं जड चाक अंगठ्याने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा. काका हे कधी चुकत नसत. पुष्कळांना याचा कंटाळा येतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

नेमूने परसात एका फळीवर इंजिन बसवलं आणि रुळवायला घेतलं. इंजिन फटफटायचं, खोकायचं, काळं तेल उडवायचं. सुनंदा तांब्याने नळीत पाणी ओतायची, कारण बोटीचं इंजिन पाण्यावर थंड राहतं. दोरीवरच्या कपड्यांना एरंडेलाचा वास लागला. "आपला पोरगा झाला तवाबी घरात एवढं एरंडेल आलं नव्हतं," ती म्हणाली. थोडं चालवून झालं की इंजिन निवायची वाट बघायची. नेमूला हे म्हणजे शिक्षा. तो दुकानात जायचा, परत यायचा, सिलिंडरला बोट लावून बघायचा, चटका बसला की पुन्हा दुकानात जायचा. पण चाक फिरवून पिस्टन खाली ठेवायला मात्र तो विसरला नाही.

एके दिवशी फोटो स्टुडिओवाला रघुवीर शिंगटे परसात डोकावला. शर्यतीत नेमूला दरवर्षी हरवणारा तो हाच, आणि मित्रही हाच. फळीवरचं इंजिन घरघरताना बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आरं नेमू, कुणासाठी रुळवायलायस? जत्रा झाली की ते काकूंच्या कपाटात जाणार. म्हातारी काय बोट पळवणार हाय व्हय? सुई आवळ आणि यंदा तरी एकदा जिंक की."

रघुवीरचं म्हणणं नेमूला पटलं होतं, आणि तेच वाईट होतं. इंजिन एका दिवसाचं पाहुणं. त्या एका दिवसात गेल्या वर्षीसारखं गायलं तर तो पहिला आला असता. नंतर ते कपाटात सैल पडलं काय आणि घट्ट राहिलं काय, कुणाला कळणार होतं? रघुवीर गेल्यावर तो बराच वेळ त्या सुईकडे बघत बसला. मग उठून त्याने इंजिनावर फडकं टाकलं आणि दुकान उघडायला गेला.

जत्रेचा दिवस उजाडला तरी आवाज अजून मोकळा झाला नव्हता. नेमूने राजहंस तशीच पाण्यात सोडली.

बाकीच्या बोटी किंचाळत निघाल्या. रघुवीरची बोट तर पाण्याला जेमतेम टेकत होती. राजहंस धुराचा पट्टा सोडत, गडगडत, सावकाश मागून चालली. पोरं ओरडली, "चौगुल्यांचा पाण्याचा टँकर आला." कुणी म्हणालं, डास मारायचा धूर बरा सुटलाय. नेमूचे कान लाल झाले.

टाकी संपत आली तशी त्याने बोट काठाला आणली. इंधन भरलं. तेव्हा त्याची बोटं आपसूक सुईवर गेली. अर्धा पीळ पुरे होता. मागून लोक ओरडत होते, "आवळ चौगुले, आवळ."

त्याला काकांची आठवण झाली. गेल्या वर्षी याच पायरीवर त्यांनी त्याचं बिघडलेलं इंजिन हातात घेतलं होतं, चाक एकदा फिरवून बघितलं होतं आणि न बोलता परत दिलं होतं. ज्या माणसाने आपल्याला सगळं दिलं त्याला आपण साधं ऐकल्याचं समाधानसुद्धा दिलं नाही, हे नेमूला तेव्हा लागलं नव्हतं. आता लागलं. काकांना द्यायला आता त्याच्याकडे हे एवढंच उरलं होतं. त्याने सुईवरची बोटं काढली, सदऱ्याला पुसली आणि बोट पुन्हा पाण्यात सोडली.

पुढे एक गंमत झाली. जिंकायचं नाही असं ठरल्यावर नेमूला इंजिन ऐकू यायला लागलं. त्याची खरखर हळूहळू निवळत होती. धूर तेवढाच होता, वेग तेवढाच होता, पण खोकला कमी झाला होता. नेमू शर्यत विसरला. शिट्टी कधी वाजली, रघुवीरच्या गळ्यात हार कधी पडला, हे त्याला कळलंसुद्धा नाही. राजहंस शेवटची आली.

तो पायरीवर बोट मांडीशी घेऊन इंजिन निवायची वाट बघत बसला. कुणीतरी चहा आणून दिला. इंजिनाकडे बघता बघता चहावर साय धरली, मग त्याने तो प्यायला. रघुवीर हार घालून शेजारी येऊन बसला आणि काळजीने म्हणाला, "बरं न्हाई व्हय तुला?"

इंजिन निवल्यावर नेमूने ते पुसलं, आत तेलाचे थेंब सोडले, अंगठ्याने चाक फिरवून पिस्टन खाली आणला आणि बोट उचलून काकूंकडे निघाला. इंजिन काढून द्यायला खिशात स्क्रूड्रायव्हर घेतला होता.

काकूंची तळ्याकडची खिडकी सताड उघडी होती. त्या तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"शेवटचा आलो, काकू," नेमू म्हणाला. "पण इंजिन चांगलं आहे. काढून देतो."

काकूंनी हात पुढे केला. त्यांनी चाकाला अंगठा लावला आणि किंचित मागेपुढे करून बघितलं. चाक कुठेही न अडता हललं. त्या थांबल्या.

"पिस्टन खाली ठेवलास."

"काका ठेवायचे."

"परत द्यायच्या इंजिनाचासुद्धा?"

नेमूने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मघाशी सगळ्यांची इंजिनं किंचाळत होती. एकच सावकाश गडगडत होतं. रविवारी सकाळी आमच्या अंगणात तसा आवाज असायचा. म्हटलं, कोण एवढं शहाणं ते बघावं, म्हणून खिडकी उघडली." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "राहू दे तो स्क्रूड्रायव्हर. चल घाटावर. अजून उजेड आहे."

घाटावर पांगत असलेले लोक वत्सलाकाकूंना बघून थबकले. काका गेल्यापासून त्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या. नेमूने इंजिन चालू केलं. ते नेहमीसारखं गडगडलं. काकूंनी डोळे मिटले, कान दिला आणि स्वतःच्या हाताने सुई थोडी आवळली. पुन्हा ऐकलं. आणखी थोडी आवळली.

"आता सोड."

राजहंस निघाली. आधी धूर विरळ झाला, मग नाहीसा झाला. आवाज चढत गेला, पण कुठे फाटला नाही. बोटीने नाक उचललं आणि ती तळ्याच्या मधोमध पाणी कापत गेली. रघुवीरने गळ्यातला हार काढून हातात धरला होता. "शर्यत संपल्यावर पळालास व्हय रं," तो म्हणाला, पण त्याची नजर बोटीवरून हटत नव्हती.

काकू हसत होत्या आणि त्यांचे गाल ओले होते. "ते आता तुझं," त्या म्हणाल्या. "कपाटात ठेवून मी काय करू? रुळलेल्या इंजिनाला पाणी हवं."

नेमू बोटीवरची नजर काढून काकूंकडे वळला. "काकू, तुमचे उपकार, काकांचे उपकार मी..."

"बोलू नकोस. बोट वळव, दगडावर जाईल."

त्याने बोट वळवली.

पुढच्या जत्रेत राजहंस कितवी आली, याबद्दल गावात एकमत नाही. नेमूचे मित्र एक सांगतात, रघुवीरचे दुसरं. पण तेव्हापासून गावात कुणीही नवं इंजिन आणलं की ते आधी वत्सलाकाकूंच्या अंगणात रुळवलं जातं. खिडकी उघडी असते, काकू तांब्याने पाणी ओततात, आणि नेमिनाथ चौगुले निवलेला चहा पीत, नव्या माणसाला पिस्टन खाली कसा ठेवायचा ते दाखवत बसलेला असतो.

तात्पर्य: मिळालेल्या गोष्टीचे आभार शब्दांनी पुरते मानता येत नाहीत. ती उसनी असली आणि कुणी बघत नसलं, तरी तिला लागेल तेवढा वेळ देऊन जो ती जपतो, त्याचे आभार देणाऱ्याला न सांगता पोचतात.