देवयानीसाठी लागलेली रांग

एका गावात एक वायरमन होता. तुम्ही म्हणाल, गोष्टीत राजा असतो, वाणी असतो, फार तर कोल्हा असतो; हा वायरमन कुठून आला? बदली होऊन आला, आणखी कुठून! गावाचं नाव मोरवडे आणि वायरमनचं नाव नजीर. दिवसा तो विजेच्या खांबावर चढायचा आणि रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसायचा. दुर्बीण तरी केवढी? दुधाच्या किटलीएवढी जाड आणि हातभर लांब.

तीन वर्षांनी नजीरची पुन्हा बदली झाली. सकाळी निघायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने साऱ्या गावाला शाळेच्या पटांगणात बोलावलं. म्हणाला, “जाता जाता तुम्हाला देवयानी दाखवतो.”

देवयानी म्हणजे ताऱ्यांचं एक अफाट गाव. इतकं लांब, की तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. हे मोरवड्यात सगळ्यांना पाठ होतं, कारण दिगंबर गुरुजींनी बत्तीस वर्षं तेच शिकवलं होतं. पण गंमत बघा, खुद्द गुरुजींनी देवयानी कधी पाहिली नव्हती. पुस्तकातल्या चित्रात पाहिली, तेवढीच. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. एकदा तरी ती आपल्या डोळ्यांनी बघावी, एवढी एकच इच्छा उरली होती. त्या दिवशी ते दुपारपासूनच पटांगणात येऊन बसले.

अमावस्या होती. सरपंच कमलताईंना विचारून नजीरने गावचे सगळे दिवे घालवले. आणि काय सांगू तुम्हाला! आभाळ जणू कौलांवर येऊन टेकलं. रोजचीच माणसं हळू आवाजात बोलू लागली. ढग होते, पण पिंजलेल्या कापसासारखे, कुठे दाट, कुठे विरळ. आपल्याच तंद्रीत ते चालले होते. चांदण्या झाकत होते, पुन्हा उघडत होते.

नजीरने नियम सांगितला. “स्टुलावर बसायचं, डोळा लावायचा. दिसली की ‘दिसली’ म्हणायचं आणि उठायचं, मागे रांग आहे. ढग आडवा आला तर थांबा, घाई नाही.”

पहिल्या बसल्या कमलताई. नेमका तेव्हाच एक विरळ ढग वर आला, दुधावर साय यावी तसा. ठळक चांदण्या त्यातून दिसत होत्या, पण अंधूक देवयानी पार पुसली गेली. कमलताईंना काही दिसेना. पण सरपंचच म्हणाली दिसत नाही, तर लोक काय म्हणतील? “अहाहा, दिसली! केवढी मोठी!” म्हणत त्या उठल्या.

मग काय, एकाने म्हटलं की दुसऱ्याची जीभ कशाला मागे राहते! पुढच्याला ती निळी दिसली. त्याच्या पुढच्याला चक्क फिरताना दिसली. नजीरला नवल वाटलं, पण निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तोंडावर खोटं कशाला पाडायचं? तो गप्प राहिला.

मग गुरुजी बसले. त्यांनी डोळा लावला. काळं. नुसतं काळं. वर ढग होताच. मागून कुणीतरी म्हणालं, “आता ऐका हं, गुरुजी नीट सांगतील.” गुरुजींच्या कपाळाला घाम आला. साऱ्या गावाला दिसली आणि गुरुजींना दिसेना? बत्तीस वर्षांची अब्रू एका डोळ्यावर टांगली होती.

“दिसली,” गुरुजी म्हणाले. आणि पुस्तकातलं चित्र आठवून तिचे सर्पिल हात, तिचा झगझगीत गाभा, सगळं वर्णन करून मोकळे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांना रडू येत होतं. त्यांची पाळी संपली होती.

शेवटी आली कोंडाबाई कुंभारीण. तिने डोळा लावला आणि म्हणाली, “न्हाई बा. मला काय बी दिसना.”

लोक हसले. “अगं, गुरुजींना दिसली, आणि तुला दिसत नाही?”

“गुरुजींना दिसली आसंल. मला न्हाई दिसली. दिसल्याबिगर मी हितनं हलायची न्हाई.”

आणि खरंच हलली नाही. आभाळ सरकेल तशी नजीर मधून मधून एक ठळक चांदणी धरून दुर्बीण सरकवत राहिला. ढग वाहत होते. पलीकडच्या रानातून रातकिड्यांचा आवाज येत होता. लोक कंटाळून घोंगड्या अंथरून आडवे झाले, कुणी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवलं. कोंडाबाई डोळा लावून तशीच बसून होती.

बऱ्याच वेळाने ती दचकली. “अगं बाई! हाय की!” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “लई बारीक हाय वं. थंडीत तोंडातनं वाफ निघती ना, तशी. सरळ बघाया गेलं की पळती. कडंनं बघितलं की येती.”

“अगदी बरोबर!” नजीर आनंदाने ओरडला. “तिला कडेनेच बघायचं असतं. रंगबिंग काही नसतो. सर्पिल हात तर एवढ्याशा दुर्बिणीतून दिसतच नाहीत.”

घोंगड्यांवर आडवे झालेले उठून बसले. “दिसली मला,” म्हणत कोंडाबाई उठली. स्टूल रिकामं झालं.

गुरुजींनी वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. पण पश्चिमेकडून एक दाट ढग हळूहळू सरकत येत होता. आत्ता गप्प बसलं तर अब्रू राहील आणि देवयानी कायमची जाईल. गुरुजी उठले. उठणं एवढं जड त्यांना जन्मात कधी गेलं नव्हतं.

“मी खोटं बोललो,” गुरुजी म्हणाले. “मला काहीच दिसलं नव्हतं. मी चित्र सांगितलं. नजीर, मला अजून एकदा बसू दे रे बाबा.”

नजीरने हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. गुरुजींनी डोळा लावला, मग नजर जराशी कडेला नेली. कितीतरी वेळ ते तसेच बघत राहिले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. कुणी घाई केली नाही.

अखेर त्यांनी अगदी हळू म्हटलं, “दिसली.” आणि ते वळले.

मागे अख्खी रांग उभी होती. सगळ्यात पुढे कमलताई, मान खाली घालून. “गुरुजी, तुमचं झालं असेल तर...” एवढंच त्या म्हणाल्या.

तो दाट ढग आला तेव्हा निम्मी रांग बाकी होती. पण आता स्टुलावर बसणारा सरळ सांगायचा, “ढग आहे, काही दिसत नाही,” आणि डोळा लावून बसून राहायचा. मागचेही निवांत थांबायचे.

तात्पर्य: न दिसलेल्याला ‘दिसलं’ म्हणणारा जग फसवतो की नाही कोण जाणे, पण स्वतःची पाळी मात्र नक्की घालवतो; ‘मला दिसलं नाही’ म्हणायची ज्याला लाज वाटत नाही, त्यालाच कधीतरी दिसतं.