चावडीतली उपडी घागर

एका गावात तांबटांची वस्ती होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तांब्यावर हातोडे पडत, आणि त्या ठणठणाटात तिथली माणसं हळू बोलायचं विसरूनच गेली होती. कुणी कानात गुपित सांगितलं तरी ते वेशीपर्यंत ऐकू जाई.

या गावाने एक शहाणपणाची गोष्ट मात्र केली होती. चावडीत विद्येची पेटी ठेवली होती. आजोबा-पणजोबांनी भांडी विकून विकून ती भरली होती. तिच्यातल्या पैशांवर गावातलं एक मूल राजधानीत शिकायला जाई. एका मुलाच्या शिक्षणातच पेटी तळापर्यंत रिकामी होई. मूल कमावतं झालं की त्याने पैसे परत टाकायचे, मग पुढच्याची पाळी. व्याज नाही, कागद नाही. फक्त एक जामीन लागे. जामिनाने आपली पाण्याची घागर चावडीच्या आढ्याला उपडी टांगायची. देणं फिटलं की ती उतरवायची आणि तिच्यातूनच शिकून आलेल्याच्या पायांवर वेशीत पाणी घालायचं. तो मान दुसऱ्या भांड्याला नव्हता.

जयराम पोर हुशार, पण पोरका. त्याला जामीन कोण राहणार? शेजारची यमूआत्या उभी राहिली. नवरा गेल्यावर हातोडा तिनेच हाती घेतला होता, आणि घागरही तिनेच घडवलेली. ती चावडीत टांगून आत्या पाहुण्यांना मातीच्या मडक्यातलं पाणी देऊ लागली. तांबटाच्या घरी मातीचं मडकं! पाहुणे मडक्याकडे पाहत, मग तिच्याकडे पाहत. ती म्हणे, "आमचा जयराम शिकतोय." तेव्हा तिला त्या मडक्याचा अभिमानच वाटे.

जयराम शिकला. पूल बांधायची विद्या घेऊन दरबारी चाकरीला लागला. आत्याने गावभर गूळ वाटला. आता घागर उतरणार आणि वेणू शिकायला जाणार. वेणू ही समोरच्या घरातली मुलगी. तिला वैद्यकी शिकायची होती, कारण गावात वैद्य नव्हता आणि तांबटांचे हात तर रोजच भाजत. वैद्यकीच्या पाठशाळेत सोळाव्या वर्षानंतर घेत नसत, पण वेणूला अजून अवकाश होता.

पैसे काही आले नाहीत. आत्याने व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडला. उत्तर आलं, "आधी राहायला घर तर बांधू दे." घर झालं. मग लग्न निघालं. मग दरबारात पायी जाणं शोभत नाही म्हणून घोडा आला. आत्याचे निरोप म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटचं उत्तर आलं ते असं: "आत्याला सांगा, देणं कुठं पळून जातंय?"

ते ऐकून आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तिने हातोडा असा चालवला की घडवायला घेतलेल्या पातेल्याचं ताट झालं. जयरामकडे खरोखरच पैसा नसता, तर तिने आपल्या पाटल्या मोडल्या असत्या आणि वर त्याची समजूत काढली असती. पण त्याच्याकडे होता. घोड्याला हरभरे मिळत होते, पेटीला मात्र दमडी नाही.

आणि एक दिवस जयराम घोड्यावर बसून गावी आला. मागे बैलगाडीत देवळाला दान द्यायची भलीमोठी घंटा. घंटेवर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं नाव देवाचं नव्हे, जयरामचं! शिवाय आत्यासाठी चांदीची घागर. झालं, गाव भुललं. ढोल वाजले, पाटलांनी नारळ आणला, पोराने गावाचं नाव काढलं म्हणून म्हातारे डोळे पुसू लागले. चावडीतली घागर हिरवी पडली होती, तिच्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नाही. चकाकतं तेवढंच पाहायची सवय तांबटांना असतेच.

जयरामने वेशीत उभं राहून पाय पुढे केले. पाणी घालायला आत्या आली ती रिकाम्या हातांनी.

"यमूबाई, घागर कुठंय?" पाटील ओरडले.

"चावडीत. उपडी."

"मग ही चांदीची घ्या की! पोरानं एवढी हौसेनं आणलीय!"

जयराम हसला. "अगं आत्या, हिच्या मोलात तुझ्या तसल्या पन्नास येतील."

लोक कानांवर हात ठेवायच्या बेतात होते. यमूआत्या चिडली की तिचा आवाज नदीपलीकडे जाई. पण आत्या हळू बोलली. त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी हळू बोललं, आणि ते ऐकायला ढोलवाल्यांनाही थांबावं लागलं.

"चांदीची घागर ही तुझी मेहेरबानी. ती मला नको. माझी तांब्याची सोडव."

"सोडवतो की. देणं काय पळून..." जयराम बोलता बोलता अडखळला.

"देणं नाही पळालं, पोरा. वेणूचं वय पळालं. गेल्या दसऱ्याला तिला सोळा पुरी झाली. आता पाठशाळा तिला घेत नाही. भाता ओढत बसते ती. तुझ्या घोड्यानं तिची वर्षं खाल्ली."

जयरामने पाहिलं. वेणू गर्दीच्या मागे उभी होती, हात कोपरापर्यंत काजळीने माखलेले. तिने त्याला नमस्कार केला नाही, की शिव्याही दिल्या नाहीत. ती घंटेवरचं नाव वाचत होती.

त्याची मान खाली गेली. त्याने पेटीसाठी विकायला घोडा पाटलांच्या हवाली केला, हातातलं सोन्याचं कडं काढून पेटीत टाकलं आणि स्वतः शिडी लावून घागर उतरवली. घंटा गाडीतच राहिली. आत्याने घागर चिंचेने घासली, आडाचं पाणी भरलं आणि जयरामच्या पायांवर घातलं. रीत ती रीत. पण त्याच्या डोक्यावरून तिने हात फिरवला नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि जावा असं काही घडलंही नव्हतं.

"आता तरी फिटलं ना, आत्या?"

"पेटीचं फिटलं. वेणूचं कसं फेडशील?"

एवढा पूल बांधणारा माणूस, पण पायांखालचं पाणी बघत उभा राहिला.

पेटी भरली तशी वेणूच्या धाकट्या बहिणीची पाळी लागली. जामीन कोण? पुन्हा आत्याच. नुकतीच लखलखीत केलेली घागर तिने त्याच आढ्याला उपडी टांगली आणि मडकं परत पुढे काढलं. पोर निघाली तेव्हा आत्याने तिचा कान लाल होईपर्यंत पिळला. म्हणाली, "शिकून कमवायला लागलीस की आधी या पेटीपाशी यायचं. घोडा-बिडा नंतर!"

तात्पर्य: शिकण्यासाठी घेतलेलं कर्ज जो ऐपत असून थकवतो, तो नुसते पैसे अडवत नाही, मागून येणाऱ्याची वाट अडवतो, आणि देणं थकवून केलेलं दान म्हणजे नुसता मिरवण्याचा सोस.