हरिणीच्या कानात

एका गावात जनावरे फार. गोठ्यात थोडी, लाकडात आणि रंगांत जास्त. कारण त्या गावचे अर्धे लोक लाकूड कोरत आणि उरलेले चित्रे रंगवत. दर जत्रेला सगळे आपापले जनावर देवळापुढे मांडत. सर्वांत चांगले ठरेल ते वर्षभर गावच्या वेशीवर मिरवे.

गावाची एक रीत होती. आपल्या जनावराचे डोळे आपण करायचे नाहीत. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही माणसाची खोड मोडावी म्हणूनच जुन्या लोकांनी ती घातली असावी. शेवटी जी दोन जनावरे उरत, ती घडवणाऱ्यांनी एकमेकांच्या जनावराचे डोळे उघडायचे. त्याआधी त्याच्या कानात त्याची एक चांगली गोष्ट सांगायची, पण खरी.

गावात एक म्हातारा सुतार होता. त्याचा बैल वर्षानुवर्षे वेशीवर उभा. म्हाताऱ्याला ऐकू कमी येई, नजर मात्र घारीची. ही रीत त्याने कधी मनावर घेतली नव्हती. कुणाच्याही जनावराच्या कानात "छान आहेस हो" एवढे पुटपुटून तो मोकळा होई.

त्या वर्षी त्याच्या बैलासमोर उरली फळीवर रंगवलेली एक हरिणी. रंगवणारी चितारीण गावात नवी सून म्हणून आलेली.  हरिणी पाहताच म्हातारा समजून चुकला, यंदा वेस आपली नाही.

हातात कुंचला आला, तेव्हा त्याच्या मनात पाप आले. बुबुळ जरासे सरकले की हरिणी तिरळी! हात थरथरला म्हणायचे. या वयात कोण विचारतो?

नेमके कुठे बिघडवावे, म्हणून तो तिला निरखू लागला. पुढचा एक पाय किंचित उचललेला. अंगाचा रोख पुढे, कान मात्र मागे वळलेले. का बरे मागे? मग त्याला उमगले, आणि तो तिच्या कानाशी वाकला.

"तुझं पाडस मागं राहिलंय गं. त्याची चाहूल घेतेयस तू."

आपण कुजबुजलो, असे त्याला वाटले. बहिऱ्याची कुजबुज ती, साऱ्या जत्रेने ऐकली. चितारणीने पदर तोंडाला लावला.

"आजोबा, पाडस मी काढलंच नव्हतं," ती म्हणाली, "तरी तुम्हाला दिसलं!"

आता ते डोळे बिघडवायला त्याचा हात धजेना. कान वळले होते त्याच बाजूला त्याने बुबुळे टेकवली. हरिणी जिवंत झाली.

मग बैलाची पाळी आली. चितारणीने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि कानात काहीतरी सांगितले.

"काय म्हणालीस, पोरी?" म्हाताऱ्याने विचारले.

ती मोठ्याने म्हणाली, "त्याला म्हटलं, जू ओढून ओढून तुझ्या मानेला घट्टा पडलाय. ज्यानं तो कोरला, त्याला तुझे कष्ट ठाऊक आहेत."

म्हाताऱ्याने त्या घट्ट्यावर हात ठेवला. प्रत्येक बैलाला तो हा घट्टा कोरत आला होता. बैल सगळ्यांनी वाखाणला, घट्टा कुणीच पाहिला नव्हता. त्याला रडू आवरेना.

वेशीवर हरिणी चढली. फळी म्हाताऱ्यानेच खांद्यावरून नेली. त्या दिवशी नक्की कुणी कुणाचे डोळे उघडले, यावर त्या गावात अजून वाद चालतो म्हणे.

तात्पर्य: कौतुक तोंडाने करण्याआधी डोळ्यांनी करावे, दुसऱ्याचे काम जो नीट पाहतो, त्याला हेवा करायला सवड उरत नाही.