गुळाचा डबा आणि कुंपणाकडची शेळी

एका गावात मैदान एकच होतं आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या आळ्या मात्र दोन होत्या, वरची आणि खालची. मैदान नदीकाठी होतं. गवत मऊ, आणि संध्याकाळी असा वारा सुटायचा की पोरांना घरी जाववत नसे. पण संध्याकाळ एक आणि आळ्या दोन, म्हणून जुन्या लोकांनी ठरवून टाकलं होतं: दरवर्षी शिमगा झाला की दोन्ही आळ्यांनी फुटबॉलचा एक सामना खेळायचा. जिंकेल त्या आळीच्या पोरांना वर्षभर संध्याकाळचं मैदान, आणि हरेल त्या आळीच्या पोरांना भर दुपारचं.

खालच्या आळीची पोरं कित्येक वर्षं दुपारीच खेळत होती. गावात कोणाचं नाक उन्हानं सोललेलं दिसलं, की तो खालच्या आळीचा हे न विचारताच कळायचं. आया दारातून ओरडत, "अरे, जरा ऊन उतरू दे की!" पण ऊन उतरेपर्यंत मैदान वरच्या आळीचं झालेलं असे.

हरण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. खालच्या आळीच्या तालमीत पूर्वी कुस्ती चालायची, आता फुटबॉल चालायचा. तिचा कारभार पाच पंच बघत, आणि त्यांतला एक सोडला तर प्रत्येकाला एक भाचा होता. बेकरीवाल्या पंचाचा भाचा तर असा, की चेंडू आपणहून भेटायला येईल या भरवशावर सबंध सामना एका जागी उभा राहायचा.

तालमीत एक जुनी रीत होती. नवा खेळाडू आला की त्याला गुळाचा खडा भरवायचा. गूळ खाल्ला की तो आळीचा झाला. पण ज्यानं खेळाडू निवडला त्यानं गूळ भरवायचा नाही, भरवणारा दुसरा पाहिजे. आणि भरवणाऱ्यानं आधी विचारायचं, "ह्याला का घेताय?" निवडणाऱ्यानं त्याला समजेल असं उत्तर द्यायचं. समजलं तर गूळ, नाही समजलं तर डब्याचं झाकण बंद.

हा मान गिरणीवाल्या अण्णांकडे होता. पाच पंचांत एकट्या अण्णांना भाचा नव्हता, आणि फुटबॉलमधलं तर त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. गिरणीत दळण चालू ठेवून ते तसेच धावत यायचे, त्यामुळे त्यांच्या हातच्या गुळाला कायम पीठ लागलेलं असायचं.

"ह्याला का घेताय?" अण्णा विचारत.

"माझा भाचा हाय," बेकरीवाला सांगे.

अण्णांना ते लगेच समजे. भाचा म्हणजे काय हे समजायला फुटबॉल कशाला यायला हवा? गूळ भाच्याच्या तोंडात जाई आणि संध्याकाळ वरच्या आळीकडे.

शेवटी एक दिवस आळीतल्या आयाच तालमीच्या दारात येऊन बसल्या. "आमची पोरं करपली," त्या म्हणाल्या. "एक तर चांगला वस्ताद आणा, न्हाईतर तालमीला कुलूप घाला." पंच घाबरले आणि शेजारच्या गावातून एक वस्ताद घेऊन आले.

वस्ताद मोठा खेळलेला माणूस होता. तरुणपणी तो डाव्या अंगानं पळायचा आणि डाव्या पायानं असा फटका मारायचा, की गोलरक्षक आधी हात जोडायचे आणि मग उडी मारायचे. त्यानं आल्या आल्या पंचांना सांगितलं, "मैदानात कोण उतरणार, ते मी ठरवणार."

बेकरीवाला जरा खाकरला, पण दारात आया बसलेल्या होत्या. पंच हो म्हणाले. त्या वर्षी भाचे झाडाखाली बसले आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त आनंद भाच्यांनाच झाला. खालची आळी हरली, पण लाज वाटण्याइतकी नाही.

दुसऱ्या वर्षी वस्ताद म्हणाला, "नवे खेळाडू मीच शोधून आणणार." पंच हो म्हणाले. त्या वर्षी एका गोलानं हार झाली. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "कोणाला ठेवायचं आणि कोणाला मोकळं करायचं, तेही मीच बघणार." पंच तेव्हाही हो म्हणाले. त्या वर्षी सामना बरोबरीत सुटला. बरोबरी झाली तर मैदान ज्याचं त्याच्याकडेच राहायचं, त्यामुळे संध्याकाळ काही मिळाली नाही. पण वरच्या आळीच्या लोकांना पहिल्यांदाच घाम फुटलेला दिसला.

वस्तादाचं मागणं प्रत्येक वेळी रास्त होतं. ज्याला काम कळतं त्याच्या हाती काम द्यावं, यात वाईट काय? पंचही खूश होते. बैठकीत आता भांडायला काही उरलं नव्हतं, नुसती भजी खायची.

अण्णा मात्र गुळाचा डबा घेऊन हजर असत आणि वस्तादाला दरवेळी अडवत.

"ह्याला का घेताय?" एकदा वस्तादानं बुटका गोलरक्षक आणला तेव्हा अण्णांनी विचारलं.

"चपळ हाय, अण्णा. मांजरासारखा."

"पण चेंडू वरनं गेला तर?"

"वरनं जाणार न्हाई. त्याच्याम्होरं एक उंच गडी उभा..." वस्ताद बोलता बोलता थांबला. उंच गडी संघात नव्हताच. तो उठला, दोन गावं हिंडून एक उंच गडी घेऊन आला, आणि मग दोघांनाही एकदमच गूळ मिळाला.

एवढं झालं, तरी त्यात अण्णांचा काही हातभार आहे असं वस्तादाला वाटलं नाही. उलट त्याला राग यायचा. आयुष्यभर फुटबॉल खेळलेल्या माणसानं एका गिरणीवाल्याला समजावत बसायचं! चौथ्या वर्षी तो पंचांसमोर म्हणाला, "निवडतो मी, शिकवतो मी, मग गूळ दुसऱ्यानं का भरवायचा? मी काय भाचे आणतोय व्हय?"

पंच याही वेळी हो म्हणाले. अण्णांनी डबा पुसला आणि वस्तादाच्या हातात दिला. "घ्या वस्ताद. मला तरी कुठं काय कळतंय," ते हसून म्हणाले. पण परत जाताना त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी एका बाईची ज्वारी गव्हाच्या पिठात मिसळून टाकली.

आता सगळंच वस्तादाच्या हातात होतं. तो गावोगाव हिंडू लागला, आणि जिथे एखाद्या पोरानं डाव्या पायानं सुंदर फटका मारला, तिथे त्याला आपलं तरुणपण आठवायचं आणि डोळे भरून यायचे. झाकण उघडायचं, खडा त्या पोराच्या तोंडात जायचा. का घेताय हे विचारायला कोणी नव्हतं. बघता बघता संघात डावखुऱ्यांची गर्दी झाली.

जागा करायला कोणाला तरी मोकळं करणं भाग होतं. वस्तादानं सर्जेरावला मोकळं केलं. सर्जेराव आळीतलाच गडी होता आणि सायकलीचं दुकान चालवायचा. उजव्या कडेनं पुढे जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. त्याच्या खेळात बघण्यासारखं काही नव्हतं. त्याची बाजू कधी उघडी पडायची नाही एवढंच, पण उघडी न पडलेली बाजू कोणाला दिसते? वरच्या आळीनं त्याला लगेच निरोप धाडला, की आता आमच्याकडून खेळ.

नव्या संघाचा दुपारचा सराव मात्र बघत राहावा असा होता. सगळे चिंचेकडच्या गोलावर फटके मारत आणि नदीच्या बाजूनं, म्हणजे डाव्या अंगानं, एकामागून एक असे सुसाट जात, की पंच भजी हातात धरून उभे राहत. वस्ताद खूश होता. अशा वेळी माणसाला कोणी काही विचारू नये असंच वाटतं.

एके दिवशी अण्णाही आले. गुळाचं काम राहिलं नव्हतं, म्हणून नुसतेच एका दगडावर बसले. बराच वेळ बघून त्यांनी हाक मारली, "वस्ताद, एक विचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"विचारा."

"ही शेळी रोज हितंच चरती का?"

कुंपणाच्या बाजूला, म्हणजे उजव्या अंगाला, एक शेळी निवांत चरत होती. तिथलं गवत गुडघाभर वाढलं होतं. नदीकडची बाजू पायांनी तुडवून तांबडी झाली होती, आणि इकडे हिरवंगार रान माजलं होतं.

"चरू द्या की. तुमचं काय जातंय?" वस्ताद खेकसला.

"माझं काय जाणार! तिला चेंडू कसा लागत न्हाई, म्हनून इचारलं."

वस्ताद काहीतरी लागट बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. पण उत्तर द्यायचं तर ते अण्णांना समजायला हवं, ही इतक्या वर्षांची सवय आडवी आली. त्यानं मनात उत्तर जुळवायला घेतलं. चेंडू तिकडे जात नाही. का जात नाही? तिकडे नेणारा कोणी नाही. का नाही? आणि मग त्याला आठवलं, की त्या गवतावरून पूर्वी सर्जेराव पळायचा.

सामना कसा होणार, तेही त्याला दिसलं. वरच्या आळीला नदीकडची एक बाजू अडवली की पुरे होतं. मग त्याचे सगळे सुंदर डावे पाय एकमेकांच्या पायांत अडकले असते, आणि पोरं आणखी एक वर्ष उन्हात भाजली असती.

आता गंमत बघा. वस्तादाला जाब विचारणारा गावात कोणी उरला नव्हता. चूक कबूल करावी असं त्याला कोणी म्हणू शकत नव्हतं आणि त्याचं काही बिघडतही नव्हतं. हरल्यावर वाऱ्याला, गवताला किंवा पंचांच्या भज्यांना दोष देता आला असता. पण त्यानं पुन्हा एकदा त्या शेळीकडे बघितलं. मग शिट्टी खिशात टाकून थेट सायकलीच्या दुकानात गेला.

"सर्जेराव, माझं चुकलं," वस्ताद म्हणाला. "परत ये."

सर्जेरावनं हातातलं चाक फिरवून बघितलं. "वस्ताद, उद्या वरच्या आळीत माझं स्वागत हाय. हार आणलेत त्यांनी."

"ठाऊक हाय."

राग त्यालाही आला होता, आणि तो येणं बरोबरच होतं. शेवटी तो म्हणाला, "माझी दोन पोरं दुपारी खेळून नाक सोलून घेत्यात, म्हनून येतो. पर तुमच्या हातचा गूळ मी खाणार न्हाई. पीठ लागलेला असंल तरच खाईन."

दुसऱ्या दिवशी तालमीत सगळे जमले. वस्तादानं डबा अण्णांच्या पुढे धरला. अण्णा गोंधळले, डब्याकडे बघितलं, वस्तादाकडे बघितलं, आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, "ह्याला का घेताय?"

वस्ताद सगळ्यांसमोर बोलला. "अण्णा, मला माझ्यासारखीच पोरं आवडाय लागली. डावा पाय दिसला की दुसरं काय दिसंना. उजव्या बाजूला शेळी चरतीया, अण्णा. तिथं हा पळतो, म्हणून ह्याला घेतोय."



"समजलं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सर्जेरावला गूळ भरवला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. सर्जेराव म्हणाला पीठ गेलं. अण्णांनी बाहीनं डोळे पुसले.

तेवढ्यात बेकरीवाला पंच पुढे सरकला. "वस्ताद, चूक झालीच हाय, तर पुन्हा आम्ही पंचांनी निवड..."

"कोणाला घ्यायचं म्हणता?" अण्णांनी डबा हातात ठेवूनच विचारलं. "आणि का?"

बेकरीवाल्यानं भाच्याकडे बघितलं. भाचा जोरजोरात मान हलवून नको म्हणत होता. सगळी तालीम हसायला लागली, बेकरीवालाही हसला, आणि निवड वस्तादाकडेच राहिली. गूळ तेवढा अण्णांकडे गेला.

शिमगा झाला. सामन्याला दोन्ही आळ्या लोटल्या. वरच्या आळीनं सराव चोरून बघितला होता, त्यामुळे त्यांची निम्मी माणसं सतत खालच्या आळीच्या डाव्या अंगाला उभी राहिली. वस्तादाचे डावखुरे तिकडून धडका देत राहिले आणि अडत राहिले. सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग उंच गड्यानं चेंडू उलट बाजूला मारला, जिथे वरच्या आळीचं कोणीच नव्हतं. तिथे सर्जेराव होता. तो आपला नेहमीसारखा पळत गेला आणि त्यानं चेंडू गोलासमोर टाकला. एका डावखुऱ्या पोरानं त्याला डावा पाय लावला आणि गोल झाला. वस्तादाचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यात काही चूक नव्हती.

त्या संध्याकाळी खालच्या आळीची पोरं पहिल्यांदा गार वाऱ्यात खेळली. एकाही आईनं हाक मारली नाही. शेळीला मात्र आपली जागा बदलावी लागली.

वस्ताद अजून त्याच तालमीत आहे. मैदानात कोण उतरणार, कोण येणार, कोण जाणार, सगळं तोच ठरवतो. नवा खेळाडू सापडला की तो त्याला घेऊन आधी गिरणीत जातो. परवाच एकाला घेऊन गेला होता. अण्णांनी पट्टा थांबवला, हात झटकले आणि विचारलं, "ह्याला का घेताय?" वस्तादानं तोंड उघडलं, मिटलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "थांबा अण्णा, उद्या सांगतो." मग दोघंही हसले आणि अण्णांनी पुन्हा गिरणी चालू केली.

तात्पर्य: ज्याला काम कळतं त्याच्या हाती सगळं सोपवायला हरकत नाही, पण "का?" हा प्रश्न त्याला दुसऱ्या कोणीतरी विचारला पाहिजे, आणि विचारणाऱ्याला समजेपर्यंत उत्तर देण्यात त्यानं कमीपणा मानू नये.