रोज नव्या अंगरख्यातला चोर

एका राज्यात, जिथे पोपटांना दरबारात मत होते आणि नद्या परवानगी घेऊन वळत असत, विशालाक्षी नावाची राणी राज्य करीत होती. तिने करालक नावाच्या जादूगाराला हद्दपार केले. जाताना तो एक दगडी पेटी मागे ठेवून गेला. "हिच्यात माझे सर्वांत मोठे धन आहे. उघडू नका," एवढेच तो बोलला.

राणीने जन्मात कोणाचे ऐकले नव्हते. तिने पेटी स्वतः उघडली. आत सोने नव्हते, चिमूटभर करडी धूळ होती. धूळ उडाली, राणीने श्वास घेतला, आणि रिकामी पेटी बोलू लागली.

"या धुळीत माझा चोर आहे. तो रोज पहाटे नवा अंगरखा घालील. तुझे पहारेकरी त्याला ओळखतील, तोवर तो दुसराच झालेला असेल."

संध्याकाळपर्यंत राणीचे अंग तापले. राजवैद्य आले, त्यांनी नाडी पाहिली आणि डोळे मिटून ते म्हणाले,

"राणीसाहेब सहा वर्षांच्या असताना असाच ताप होता. तोच काढा द्या."

"तो ताप वेगळा असेल," राजकन्या अंशुमती म्हणाली.

"राजकन्ये, तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता."

"म्हणूनच मला हा ताप नवा दिसतोय!"

वैद्यांनी काढा दिला. तापाने त्याची दखलही घेतली नाही. अंशुमती पाय आपटत सज्ज्यात आली. तिथे जास्वंदीवर अंगठ्याएवढा शिंजीर पक्षी उलटा लटकून मध पीत होता.

"माझ्या चोचीतला थेंब पी," शिंजीर म्हणाला. "धुळीहून लहान होशील. राणीचा श्वास तुला आत नेईल. आत तीन कामे आहेत. वेशीतून पार हो. चोराला ओळख. आणि चोर सापडला की आग विझव. तिसरे काम सगळे विसरतात."

"मी विसरणार नाही."

"सगळे असेच म्हणतात."

अंशुमतीने थेंब प्यायला, आणि आईच्या श्वासाबरोबर ती आत गेली.

आत एक नगर होते. त्याचे रस्ते तांबडे होते आणि सतत वाहत होते. दूर कुठेतरी मोठा नगारा वाजत होता. तो राणीचे काळीज होता. वेशीवर ढगासारखे द्वारपाल बसले होते. त्यांना हात नव्हते, नुसती तोंडे होती. परका दिसला की ते त्याला गिळत, आणि काय गिळले ते आतल्यांना ओरडून सांगत.

"थांब," एक द्वारपाल म्हणाला. "कोण तू?"

"राणीची मुलगी."

"म्हणजे अर्धी परकी. अर्धी खूण राणीची, अर्धी कोणा भलत्याची."

"भलत्याची नाही! माझ्या वडिलांची."

"आमच्या लेखी तोच भलता," म्हणून त्याने तोंड उघडले.

तेवढ्यात मागून एक म्हातारी द्वारपालीण सरकत पुढे आली. तिने अंशुमतीला हुंगले आणि ती खळखळून हसली.

"मिटव ते तोंड! ही तर आपल्याकडे नऊ महिने राहून गेलीये. तेव्हा मलाही हिला गिळायचं होतं. पण नगाऱ्याजवळच्या शांतवणाऱ्यांनी 'पुरे' म्हटलं, आणि आम्ही भट्ट्यांचे भाते थांबवले. काय गं, लाथा मारायची खोड गेली का?"

"नाही गेली," अंशुमती म्हणाली, आणि पहिले काम झाले.

म्हातारीने तिला सेनापतीकडे नेले. त्याचे नाव वज्रकंठ. तो हाडांच्या पोकळीत राहत असे. राणीवर आजवर चालून आलेला प्रत्येक शत्रू त्याला पाठ होता. त्याच्या हुकमाने नगरभर भट्ट्या पेटल्या होत्या, कारण उष्णतेत चोर सुस्तावतो.

"चोर माहीतच आहे आम्हाला," वज्रकंठ म्हणाला. "राणी सहा वर्षांची असताना आला होता. पिवळा अंगरखा. त्या अंगरख्याच्या मापाची जाळी तयारच आहेत."

समोरच्या गल्लीतून चोर चालला होता. त्याचा अंगरखा हिरवा होता. जाळी पडली आणि त्याच्या अंगावरून घसरून गेली.

"आजोबा, तो हिरवा आहे!"

"पिवळाच आहे. जरा मळलाय."

"मळला नाहीये. तुम्हाला पिवळ्याची सवय झालीये! बाहेर एक वैद्य, आत एक तुम्ही. कोणी एकदा समोर बघाल की नाही?"

"पोरी, याच जाळ्यांनी तुझी आई एकदा वाचलीय."

अंशुमतीने जाळ्यांकडे एकदा पाहिले. ती तडक गल्लीत शिरली आणि चोराच्या मागे लागली. तो एका घरापाशी थांबला, आपला हात कुलपात घातला आणि आत गेला. थोड्या वेळाने घर फुटले. त्यातून त्याच्यासारखे पुष्कळ चोर बाहेर पडले. पहाट झाली आणि सगळ्यांचे अंगरखे जांभळे झाले. दुसऱ्या पहाटे ते राखी झाले. अंशुमती अंगरख्याकडे बघत राहिली आणि गोंधळत राहिली. मग तिने बघणे बदलले.

प्रत्येक चोराचा उजवा हात सारखाच होता. तीन बोटे, मधले वाकडे.

"कुलूप आईच्या घरांचं आहे," ती मोठ्याने म्हणाली. "ते बदलत नाही. मग कुलूप उघडणारा हात तरी कसा बदलेल? हात बदलला तर हा दारातच अडकेल!"

"तो हात धरायला गाठ हवी," म्हातारी म्हणाली. "चल, गाठवाल्यांकडे."

गाठवाल्यांच्या आळीत असंख्य तरुण मुली बसल्या होत्या. प्रत्येकीला जन्मापासून एकच गाठ येत होती. ती कोणासाठी आहे हे तिला ठाऊक नव्हते. अंशुमतीने वाकड्या बोटाचा हात मातीत काढून दाखवला. एकीने गाठ लावून पाहिली, बसली नाही. दुसरीची बसली नाही. शेकडो जणींनी माना हलवल्या. कोपऱ्यात मंजरी नावाची मुलगी पेंगत होती. तिची गाठ कधीच कोणाच्या कामी आली नव्हती.

"माझी बघू?" तिने जांभई देत विचारले.

गाठ बसली. मंजरी उठून उभी राहिली आणि तिच्या दोन मंजऱ्या झाल्या. दोघींच्या चार, चौघींच्या आठ. आळी भरली, रस्ते भरले. राखी, निळा, केशरी, अंगरखा कोणताही असो, मंजऱ्यांनी हात तेवढा पकडला. बांधलेला हात कुलपात जाईना. द्वारपालांनी बाहेरचे चोर गिळले, आणि जी घरे आतून बाधली होती ती वज्रकंठाच्या शिपायांनी मशाली लावून चोरांसकट पाडली. दुसरे काम झाले.

अंशुमतीच्याही हातात मशाल होती. एका पडक्या घरात काहीतरी हलले असे वाटून तिने ते पेटवून दिले. मग दुसरे पेटवले. दुसऱ्यात चोर नव्हताच.

नगारा चुकला. एक ठोका पडलाच नाही.

"आग," म्हातारी हळूच म्हणाली. "चोर संपले, भट्ट्या चालूच आहेत. आता राणीला जाळतेय ती आपलीच आग."

अंशुमतीने हातातल्या मशालीकडे पाहिले. ती विसरली होती.

नगाऱ्याजवळ पांढऱ्या वस्त्रांतले शांतवणारे उभे होते. ते "पुरे, पुरे" म्हणत होते, पण भात्यांच्या आवाजात ते कोणालाही ऐकू येत नव्हते. अंशुमतीने मशाल वाहत्या रस्त्यात टाकली आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "पुरे!"

भाते क्षणभर थबकले.

"चालू ठेवा!" वज्रकंठ गरजला. "चोर परत आला तर? आणि आज्ञा देणारी तू कोण?"

"जिच्यासाठी तुम्ही एकदा हेच भाते थांबवलेत, ती. तेव्हाही मी परकीच होते, आजोबा. तुम्ही थांबलात म्हणून मी आहे. आज आईसाठी थांबा."

नगारा पुन्हा चुकला. वज्रकंठाने ते ऐकले. त्याने आधी स्वतःच्या हातातला भाता खाली ठेवला, मग एकेक भाता थांबत गेला. भट्ट्या विझल्या. नगराच्या लाखो खिडक्यांतून घामाचे पाणी बाहेर धावले.

पुष्कळशा मंजऱ्या काम संपताच विरून गेल्या. एक मात्र हाडांच्या पोकळीत वज्रकंठाच्या शेजारी जाऊन बसली.

"जागा दे," वज्रकंठ कुरकुरत म्हणाला. "आणि मला तो हात नीट दाखव."

राणीला जोराची शिंक आली आणि अंशुमती बाहेर पडून पुन्हा पुरती उंच झाली. शाप तुटला. पेटीचे तोंड कायमचे मिटले, आणि सीमेवरच्या डोंगरात रोज रूप बदलून फिरणाऱ्या करालकाचे सगळे अंगरखे एकदम गळून पडले. तो कसा दिसतो ते लोकांना पहिल्यांदाच कळले. सीमेवरचे पहारेकरी अजून हसत आहेत.

राजवैद्य काढ्याची वाटी घेऊन आले. "पाहिलंत? गुण आला."

अंशुमतीने तोंड उघडले, आईला एकदा वाचवणारी सेनापतीची जाळी आठवली, आणि तोंड मिटले. "पुढच्या वेळी मलाही विचारा," ती म्हणाली, "म्हणजे झालं."

राणी विशालाक्षी उठून बसली. केस ओले, ओठ कोरडे, पण डोळे स्वच्छ. तिने पाणी मागितले, मग लेकीकडे निरखून पाहिले.

"कुठे होतीस गं इतका वेळ? मला तापात सारखं वाटत होतं, आत कोणीतरी लाथा मारतंय."

"आईसाहेब," राजकन्या म्हणाली, "तुम्हीच राहू दिलं होतंत."