मधली साठ चित्रं

फार जुनी गोष्ट आहे; संगणकांच्या हिशेबाने हं, आपली सहाच वर्षं. श्रीरंगरावांनी संगणकाच्या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या जुन्या आणि नव्या ग्राफिक्स कार्डांची शर्यत लावली. सेकंदाला जे जास्त चित्रं काढील ते संगणकात राहणार, दुसरं भंगारात जाणार.

आधी जुन्याने पंखा गरगरवत, तापत साठ चित्रं काढली. मग नव्याची एकशेवीस भरली.

"दमलात ना, आजोबा?" नवं म्हणालं.

"अरे लबाडा, खरी साठच काढलीस तू! मधली साठ नुसत्या अंदाजाने घुसडलीस."

"मग सांगा की मालकांना!"

"व्वा, दुप्पट!" श्रीरंगराव आकडा पाहून खूश झाले. जुनं कार्ड सांगायला धडपडलं. पण माणसांशी त्याला पडद्यावरूनच बोलता येई, आणि पडद्याची तार आता नव्याला जोडलेली होती.